झडती

बोअरचं पाणी क्षाराचं, माती काळी, चुनखडीची.
जेल रोडला अनंत जगत नाही,
नर्सरीवाल्यानं तोंडावर सांगितलं होतं.
वडील म्हणाले, बघू.

एकतीस वर्षं त्यांनी नोटा छापल्या.
शाईचा वास नखांत, उशीत,
आमच्या पाठीवरून फिरलेल्या हातांत.
रोज सुटीला प्रेसच्या दारात झडती:
हात वर, खिसे उलटे,
कागदाची कपचीही बाहेर जाता कामा नये.
गेली नाही.

निवृत्तीला सायमन घोलपांनी दिली ती गुटी,
शरणपूरच्या त्यांच्या अंगणातली.
फांदीची साल अंगठीएवढी सोललेली,
ओलं शेवाळ, त्यावर प्लास्टिक, त्यावर दोरा.
"चौदा वेढे मोजून घातलेत," घोलप म्हणाले,
"तुमच्या अनंताला चौदा गाठी लागतात ना!"
त्यांच्याकडे हे फूल रविवारी वेदीवर जातं
आणि बाईंच्या थडग्यावर.
आमच्याकडे देवाला, उरलं तर आईच्या अंबाड्यात.

मग पत्र्याचा ड्रम. आंबट ताक.
पंधरवड्यातून चिमूटभर हिराकस.
तरी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.
वडील पान उजेडाला धरून बघत,
खरं की खोटं, तसं.

तिसऱ्या वर्षी एकोणीस कळ्या.
वहीत त्यांनी प्रत्येकीला क्रमांक दिला.
सात गळल्या. त्यांच्यापुढे लाल शाईनं: बाद.

आठवी कळी रात्री उमलली.
कुणी हाक मारली नाही, वासानंच जाग आली.
पहिल्या दिवशी पांढरं,
दुसऱ्या दिवशी सायीसारखं,
तिसऱ्या दिवशी जुन्या खरेदीखतासारखं.
"तीन दिवसांच्या फुलाला अनंत कुणी म्हटलं असेल?"
"असेल कुणीतरी," ते म्हणाले,
"मोजायचा कंटाळा असलेला."
वही त्यानंतर माळ्यावर गेली.

यंदा घोलपांच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसले.
मुलाची गाडी आली, झाड गेलं.
वडिलांनी पावसाळ्यात गुटी बांधली.
वेढे किती, विचारलं नाही.

परवा शरणपूरला निघाले.
पिशवीत गुटी, डोकं बाहेर काढून,
शर्टाच्या खिशात एक फूल, दुसऱ्या दिवसाचं.
आमच्याच फाटकाशी थबकले
आणि दोन्ही हात आपोआप वर.

तिथं कुणी नव्हतं.
खैरनारांची पोरं सायकल थांबवून हसली.
वडीलही हसले,
पण हात लगेच खाली आले नाहीत.