मतलई

दिवाडीच्या धक्क्याला बांधून आज अकरावा दिवस.
शिडाला ऊन दाखवलं, पुन्हा घडी घातली,
घडीवरच बसून भात खाल्ला.
बोंदेरातला उरलेला एक बावटा
इनासनं डोलकाठीच्या टोकाला बांधलाय.
नैऋत्येचा वारा त्याला दिवसभर हलवतो,
लहान मूल मान हलवून नको म्हणतं तसा.

नदी इथं इतकी निवांत की लाज वाटते.
फेरीबोटीतून कामाला जाणारे विचारतात, "अजून इथंच?"
संध्याकाळी परतताना विचारत नाहीत.
त्यांना कसं सांगायचं, की आग्वादपाशी
वाळूच्या दांड्यावर लाटा अजून उभ्या फुटतात,
मुरगावला काल उतरवलेला तीन नंबरचा इशारा
आज पुन्हा चढलाय.

होडी चेतलातला पोचवायची आहे.
या बेटावर बांधली, त्या बेटावर नांदायला जाणार.
चेरियाकोया रोज दुपारी आईला फोन लावतो.
ती म्हणते, इथं लख्ख ऊन आहे रे,
धुतलेली चादर तासाभरात वाळली.
पाऊस तुमच्याकडचाच असेल.
जणू पाऊस ही आम्हा लोकांची एक खोड.

चाळीस लिंबं घेतली होती, सव्वीस उरली,
एक मैलही न जाता.
कांद्यांना कोंब आले.
प्रवासासाठी घेतलेले पाव रोज सकाळी आम्हीच संपवतो
आणि पदेराचा भोंगा वाजला की प्रवासासाठी पुन्हा घेतो.
त्याच्या वहीत आता होडीच्या नावाचं एक पान आहे.

शाळेत दोन वारे पाठ केले होते, दोन मार्कांना:
दिवसा समुद्राकडून येतो तो खारा,
रात्री जमिनीकडून निघतो तो मतलई.
तो निघालाच नाही तर काय,
हे पुस्तकात नव्हतं.

मी शिडं शिवते.
एकोणतीस वर्षं सुई, दोरा आणि मेण.
माझे टाके मस्कतपर्यंत जाऊन आले,
मी आग्वादच्या पलीकडे गेले नाही.
या खेपेला मीच म्हटलं, मला न्या,
खऱ्या वाऱ्यात शिवण कशी ताणते ते एकदा पाहू दे.
इनास हसला नाही. म्हणाला, उलटीसाठी आलं घे.

आता खरं सांगते.
रोज पहाटे डोळा उघडला की आधी बावटा बघते,
आणि तो नको म्हणत असला
की पोटातली गाठ जरा सैल होते.
मग सगळ्यांबरोबर मीही आभाळाला नावं ठेवते.
सगळ्यांपेक्षा जरा मोठ्यानं.

काल इनास खरवडणी घेऊन पाण्यात उतरला.
तळाला शिंपांची पोरं चिकटलीत, बोटाच्या पेराएवढी.
वर आला, थुंकला, म्हणाला,
थांबलेल्या होडीवर वस्ती लवकर होते.
मी शिडाकडे बघत होते. मला बोलला असेल असं नाही.

रात्री तीनच्या सुमारास जाग आली ती वासानं.
खाजनातल्या ओल्या भाताचा, चिखलाचा,
आणि त्यामागून, अगदी पुसट, भट्टीच्या धुराचा.
अकरा दिवस नाकाला नुसतं मीठ,
आणि आता गाव पाठीमागून येत होतं.
मानेवरचे केस पुढे आले.
वर बावटा एकदा लोंबला, विचार केल्यासारखा थांबला,
मग वळला आग्वादकडे.

ओहोटी लागायला अजून वेळ होता.
कोया फोन छातीवर ठेवून झोपलेला.
मी लगेच कुणाला उठवलं नाही.
सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ,
अंधारात, चष्म्याशिवाय ओवायला लागतो तेवढा,
बसून राहिले.

मग इनासचा पाय हलवला.
तो डोळे न उघडताच म्हणाला,
"पदेराचे पैसे दिलेस?"