लॉकर एकशे बारा

लाकडाच्याच होत्या महाराजांच्या पादुका,
देव्हाऱ्यात उघड्या असायच्या.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकला,
हौसेनं चांदीत मढवल्या,
आणि मग घरात ठेवायची भीती वाटू लागली.

आता दर गुरुवारी दर्शन
वाशीच्या बँकेत, तळघरात, दोनच्या आत.
दोन किल्ल्या: एक माझी, एक कुट्टीबाईंची.
त्या चपला बाहेर काढून येतात.
मी कधी सांगितलं नव्हतं.

द्रौपदाच्या पाटल्या बाजूला सारतो,
पादुका उलट्या धरतो.
तळाला सोनारानं पत्रा लावलाच नाही.
तिथं लाकूड, आणि भेगेत वाळलेला चिखल,
महाराज आमच्या बांधावरून चालत आले
त्या वर्षीचा,
करावेच्या खाजणातला.

तेवढीच जमीन उरली माझ्याकडे.
तिथं कपाळ टेकतो.

कुट्टीबाई घड्याळ बघत नाहीत.