विलंबाचे कारण

झमकीबाईने पिशवी टेबलावर ठेवली
तेव्हा माझा टाइपरायटर बोटभर सरकला.
मला वाटलं डबा असेल.
निघाला सिमेंटचा ठोकळा,
चारी बाजूंनी पाऊण वीत, आठेक किलोचा,
मानखुर्दहून वांद्र्यापर्यंत डाव्या हातावर आणलेला.
उजवा कोपरातून वाकत नाही.

गेल्या सोमवारी मी विचारलं होतं, अपघाताची तारीख?
म्हणाली, बाराव्या स्लॅबचा दिवस,
जेवायची सुट्टी व्हायची होती.
बाई, अर्जात रकाना तारखेचा असतो,
मजल्याचा नसतो.
हजेरीवही मुकादमाकडे.
सायनचा केसपेपर त्यानेच नेलेला,
"भरपाईला लागेल," म्हणून.

आता हा ठोकळा.
लाल रंगात लिहिलंय : बी विंग, बारावा स्लॅब,
आणि खाली, इंजिनीअर पोराच्या घाईच्या अक्षरात, तारीख.

स्लॅब पडला की त्याच मालातून असे सहा ओततात.
तीन सातव्या दिवशी फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या,
सिमेंटने किती ताकद धरली ते बघायला.
हा सातवा. जास्तीचा झाला, राडारोड्यात टाकला.
हिने उचलला,
चुलीला एक दगड कमी होता.
एक अंग काळं पडलंय,
तारीख दुसऱ्या अंगाला.

मी बोटांवर मोजतो,
मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर,
मग पुन्हा बोटांवर, काही सुटलं असेल तर.
मुदत दोन वर्षांची.
संपून अकरा दिवस झाले.

ती माझ्या बोटांकडे बघत असते.
"सरली?"
"सरली."

टेकू कधी काढायचे, पाणी किती दिवस मारायचं,
झोपेतून उठवून विचारा, सांगेल.
सिमेंटच्या साऱ्या मुदती तिला पाठ.
स्वतःच्या हाताचीही एक होती
हे तिला आज कळतंय.
तिने विचारलं नव्हतं असं नाही.
मुकादम म्हणाला, स्लॅब पुरे होऊ देत.
मग म्हणाला, दिवाळी होऊ दे.
मग, ओसी येऊ दे, शेठ मोकळे होतील.
ओसी आली.
शेठ मोकळे झाले.
बाराव्याला आता पिवळे पडदे आहेत,
ती रस्त्यावरून मजले मोजून बघते.

मी दुसरा कागद चढवतो. विलंब माफीचा अर्ज.
"माफी मी मागायची?"
मी रिबन नीट करत राहतो.
मग सांगतो : कारण पुरेसं वाटलं तर
आयुक्तसाहेब उशीर माफ करतात.
मग सुधारतो : करू शकतात.
दोन्ही क्रियापदं तिला ऐकवलेली बरी.

विलंबाचे कारण, दोन टिंबं,
आणि पुढे दोन ओळींची जागा.
मला माहीत असतात ती सगळी कारणं,
अशिक्षित, परगावची, कायद्याचं अज्ञान,
बोटं आपोआप त्या अक्षरांकडे जातात.
ती म्हणते, थांब दादा.
बराच वेळ काही बोलत नाही.
शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी भाडेपत्र संपतं.
"लिही,
हात बरा होईल असं वाटलं होतं."

मी लिहितो. अर्धी ओळही भरत नाही.

उठताना ती ठोकळ्यावर हात ठेवते.
"हा इथंच राहणार?"
पुरावा आहे बाई, म्हणतो, फाइलला लावावा लागेल,
आणि आठ किलोला टाचणी कुठून टोचायची
ते मलाच कळत नाही.
"नाही, विचारलं आपलं.
सांजच्याला चूल पेटवायची हाय."