सोसोगड, पहाटे चार

धाकलू झोरे बॅटरी लावू देत नाही.
"उजेड पडला की पाय आंधळे होतात,"
एवढंच बोलून तो पुढे;
कमरेला कोयता, ओठांत विझलेली विडी.

मागे आम्ही पाच जण, आणि सावियो,
बोटीवरून निवृत्त होऊन वाळपईत राहायला आलेला.
कुठल्याशा बंदरात बोट अडकली तेव्हा
पाच हजार मीटर उंच ज्वालामुखीवर
त्यानं रात्रभर बर्फ तुडवला होता,
आणि शिखर दोनशे पावलांवर असताना
वाटाड्यानं दंड धरून
खाली वळवलं होतं.
"नाकात अजून गंधक आहे," तो म्हणतो.
इथे नाकात फक्त कारवी,
आणि गुडघ्यापर्यंत दंव.

माथा आला तो पायांनाच कळला: चढ संपला.
खाली सत्तरी धुक्यात बुडालेली,
एक कोंबडा तेवढा वर ऐकू येणारा.

सावियो काळ्या कातळावर टेकणार, तोच
"बूट काढ," धाकलू म्हणाला.
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा
तसा त्यानं तळवा ठेवला दगडावर.
"आजा सांगायचा, हा फातर एकदा पातळ होता.
आग होऊन वाहायचा."

सावियोनं बूट काढले, मोजेही.
कातळ थंडगार.
धाकलूनं विडीसाठी काडी मागितली.
कुणाकडेच नव्हती.