ऐकणे : दोन श्रेयांक

भूगोलाच्या जागा भरल्या होत्या, म्हणून घेतला हा विषय.
फॉर्मवर नाव होतं संगीत-श्रवण, दोन श्रेयांक.
ऑफिसातले डुकरे भाऊ म्हणाले, गाता येतं?
नाही म्हटलं.
वाजवता?
नाही.
मग बरोबर आहे, म्हणाले, आणि शिक्का मारला.

वर्गात आम्ही नऊ जण,
खोली सायकल स्टँडच्या अंगाला.
कळमनुरीकर मॅडमनी पहिल्या दिवशी काहीच वाजवलं नाही,
फक्त पंखा बंद केला.
परभणीत पंखा बंद करणं म्हणजे काय ते परभणीलाच ठाऊक :
घाम कानामागून उतरतो कसा, टप्प्याटप्प्यानं,
हे मला तेव्हा कळलं.
दहा मिनिटांनी विचारलं, काय गेलं कानावरून?
मुजम्मिल म्हणाला, सायकल पडली.
शिवकन्या म्हणाली, दोन पडल्या. एकीवर दुसरी.
मॅडमनी हजेरीत तिच्या नावापुढं काहीतरी लिहिलं.

मग एक ध्वनिमुद्रण दिलं, बारा मिनिटांचं,
कुठल्याशा गावच्या मंडपातलं, जुनं.
बाईंचं नाव सांगितलं नाही, रागाचंही नाही.
रोज एकदा ऐका. रोज वहीत
काल न ऐकलेलं एक लिहा.

पहिला दिवस : आवाज चांगला आहे.
दुसरा दिवस : आवाज खरंच चांगला आहे.
तिसऱ्या दिवशी खाली लाल शाई :
हे मत झालं. ऐकलंस काय?

आमच्या गिरणीमागच्या खोलीत,
एका कानाचा इअरफोन गेलेला,
भिंतीपलीकडं कुणाची तरी ज्वारी पडत असलेली.
आई विचारायची, काय करायलीस गं?
ऐकायलेय.
ते दिसायलंय. पण करायलीस काय?

सहाव्या दिवशी तानपुरा सापडला.
पहिल्यापासून होताच तो,
मी त्याला टेपची खरखर समजत होते.
नवव्या दिवशी :
आता सा येईल, आता येईल,
आणि बाई वळसा घालून पुढं,
उधारी थकलेल्या दुकानासमोरून
आमचं घर जातं तशा.

चौदाव्या दिवशी, सातव्या मिनिटाला,
मंडपात कुणीतरी खोकलं.
बाई थांबल्या नाहीत,
पुढचा स्वर फक्त किंचित उशिरा लावला,
सरकून जागा द्यावी बाकावर, तेवढाच.
ते मी पुन्हा पुन्हा लावलं.
कोण असेल? असेल का अजून?
त्याला काय माहीत, गंगाखेड रोडला एक पोरगी
त्याच्या खोकल्याची वाट बघत बसते.

अठराव्या दिवशी श्वास.
स्वराच्या आधीचा, बारीक, आत ओढलेला.
आणि मग तो बंदच करता येईना :
बाबा हाक मारण्याआधी घेतात,
आत्या फोनवर 'बरं आहे' म्हणण्याआधी
दोनदा घेते.

त्याच आठवड्यात, रात्री पावणेतीनला,
मी उठून बसले.
पाइपात हवा सरकत होती.
बारा दिवस कोरड्या नळानं
पाण्याआधी घेतलेला श्वास.
मी ओरडले. बादल्या, घागरी, गल्लीभर दिवे.
शेजारच्या जाधवीण काकू म्हणाल्या, हिला कळलं कसं?
आई म्हणाली, कोर्स लावलाय तिनं तसला.

परीक्षेला लातूरचे परीक्षक आले.
तेच बारा मिनिटं. राग कोणता?
मी पुरिया म्हणाले.
मारवा होता.
दहापैकी चार.

बाहेर पडताना मॅडमनी हळूच विचारलं,
खोकला कितव्या मिनिटाला?
सातव्या.
त्या चष्मा पुसत राहिल्या.
मला त्या माणसापर्यंत पोचायला, म्हणाल्या,
चार वर्षं लागली होती.

पुढं काही बोलल्या नाहीत,
आणि मीही आता
लगेच काही विचारत नाही.

सायकल काढली.
दर तिसऱ्या फेऱ्याला चेन टक् करते.
केव्हापासून करते, कोण जाणे.