हनुवटी

अतिदक्षता विभागात जाताना चपला बाहेर,
हातांना तो निळा थंड द्रव चोळायचा,
आणि मग इतक्या स्वच्छ हातांचं काय करायचं
हे कुणी सांगत नाही.
मी ते पर्सच्या पट्ट्यावर ठेवते.

परळ, तिसरा मजला, नऊ नंबरची खाट.
भाऊ, म्हणजे माझे वडील.
आज अकरावा दिवस.

त्यांना हात लावणारे पुष्कळ आहेत.
शीर शोधणारे, पापणी उचलून टॉर्च मारणारे,
एक दोन तीन म्हणत कूस बदलणारे दोघं.
सगळे हातमोज्यांतले. सगळ्यांना काहीतरी हवं असतं,
रक्त, ताप, एखादा आकडा.
मला काहीच नको आहे,
म्हणून असेल,
मला हात लावायला कारण सापडत नाही.

शेवटचं कधी?
सातवीत होते. ठाकूरद्वारच्या नाक्यावर
रस्ता ओलांडताना त्यांनी माझं मनगट धरलं.
हात नव्हे, मनगट.
पलीकडे पोचलो, सोडलं.
त्यानंतर एकोणचाळीस वर्षं आम्ही दोघं नीट वागलो.
लग्नात मी पाया पडले, तर त्यांचे हात
माझ्या डोक्याच्या दोन बोटं वर थांबले.
"शाई लागेल," म्हणाले.
हात धुतलेले होते.

सोमवारी सलून बंद असतं, म्हणून टिपुगडे सोमवारी येतात.
दाढीचे खुंट वाढले की चिकटपट्टी धरत नाही,
तोंडातली नळी हलते.
लिसम्मा सिस्टरनी फोन केला होता.
टिपुगड्यांनी हातमोजे चढवले, मग डावा काढून टाकला.
"रबरातून गाल कळत नाही, ताई."
सिस्टरनी पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं.

आणि ते वाकून भाऊंच्या कानाशी म्हणाले,
"काका, टिपुगडे आलोय. डाव्या कानापासून सुरू करतो."
अकरा दिवसांत भाऊंना
अगोदर सांगून कुणी हात लावलेला
मी तरी ऐकला नव्हता.

फेस. वस्तरा. ती बारीक खर्र खर्र.
नळीपाशी आल्यावर थांबले.
"जरा हनुवटी धरा."
मी?
"आंबा बघता ना बाजारात? दाबायचा नाही, पण कळलं पाहिजे. तसं."

धरली.
गरम होती. मला वाटलं होतं गार असेल.
मधोमध खळगा, अंगठा नेमका बसला.
रोज सकाळी पावडर लावताना
माझ्या चेहऱ्यावर भेटणारा तोच.

टिपुगडे दुसऱ्या गालाकडे गेले, मी सोडली नाही.
मोकळा हात भाऊंच्या उजव्या हाताखाली सरकवला,
तळवा वर करून, उघडा,
जसा खण.

भाऊ फणसवाडीच्या छापखान्यात खिळेजुळारी होते.
तेहेतीस वर्षं, खणाकडे न बघता,
उलटं अक्षर बोटांनी ओळखून.
आणि आता तर्जनी हलली.
अंगठा आला तिच्याजवळ. चिमूट झाली.
माझ्या तळव्यातून काहीतरी उचललं,
चाचपलं,
चादरीवर ठेवलं.
पुन्हा आले.
मी मोजलं, सात वेळा.
कोणता शब्द, ते मला वाचता येईना.
मी छापलेलंच वाचायला शिकले.

डॉक्टर म्हणाले, असं आपोआप होतं, अर्थ लावू नका.
नाही लावला.
वरचा हिरवा आकडा एकशे अठराचा एकशे चार झाला होता.
सिस्टर म्हणाल्या, दुपारी औषध बदललंय.
तेही असेल.

टिपुगड्यांनी शंभराची नोट घेतली, वीस परत दिले.
तुरटी फिरवली तेव्हा भाऊंच्या कपाळावर
एक आठी उमटून गेली,
घरी चहात साखर जास्त झाली की उमटायची तशी.

पाच वाजले. सगळ्यांना बाहेर काढलं.
दारापाशी निळी बाटली होती,
जातानाही चोळा, असं लिहिलेलं.
मी चोळलं नाही. चूकच आहे, कळतं मला.
अंगठ्याला एक पांढरा खुंट चिकटला होता,
साबणाच्या पापुद्र्यात.

बसमध्ये तिकीट
मी डाव्या हाताने घेतलं.