शेरा

सियागंजच्या आमच्या पेढीवर
महिन्याभरात तीन सॉफ्टवेअर येऊन गेली.

पहिलं पुण्याचं, टाय लावून आलं.
त्याच्या पडद्यावर माल कसा नीट रचलेला,
एक पेटी ओली नाही, एक कट्टा फुटलेला नाही,
आणि गिऱ्हाइकाचं नाव 'एबीसी ट्रेडर्स'.
मी म्हटलं, भाऊ, एबीसीला आम्ही उधार देत नाही.
धनतेरसच्या आदल्या दिवसाचं हे बिल करून दाखवा:
सांवेरचे पोरवाल, हिंग चार पेट्या,
त्यातल्या दोन बदनावरच्या मेहुण्याच्या नावावर,
बारावर एक फुकट, पण लहान डबीवरच,
मागच्या खेपेच्या सात डब्या परत, झाकण सैल,
आणि टेम्पोवाला दारात हॉर्न दाबून बसलेला.
टायने घाम पुसला.
हे कस्टमायझेशनमध्ये येईल, म्हणाला.
त्याचे पैसे वेगळे.

दुसरं छावणीतल्याच एका पोराचं, स्वस्त.
बिल पैशापर्यंत बरोबर.
पण तळघरातल्या गोदामात नेटवर्क गेलं की
तेही मान टाकायचं.
नानूराम हम्माल म्हणाला,
ताई, याला जरा वर नेऊन ऊन दाखवा.

तिसऱ्याची विदुला मुळ्ये.
तिने लॅपटॉप उघडलाच नाही.
गोदाम पाहिलं, उंदरांनी कुरतडलेले खोके पाहिले,
मग बद्रीलालजींच्या गादीशी बसून
त्यांची वही चाळली.
हा लाल ठिपका कसला, काका? चारच नावांपुढे?

तिन्ही डेमोंत मुनीमजी अवाक्षर बोलले नव्हते.
"इनको फोन नी लगाना," म्हणाले.
एकाचा मुलगा गेलाय.
एक दिवसाआड डायलिसिसला जातो.
तिसऱ्याने आपल्याला माल दिला होता,
बाबांवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं तेव्हा.
चौथ्याचं त्यांनी सांगितलं नाही.

माझ्या एक्सेलमध्ये एक्केचाळीस प्रश्न होते,
प्रत्येकाला दहापैकी गुण.
वसुलीचा मेसेज दर सोमवारी नऊला
आपोआप जातो का, हे मी तिघांना विचारलं होतं.
थांबवता येतो का, हे एकालाही नाही.

येतो, विदुला म्हणाली, नावानिशी बंद करता येतो.
कारण लिहायला शेऱ्याची जागा आहे, अडीचशे अक्षरं.
आणि खरं सांगते,
बारावर एकचं आमचं अजून नीट बसत नाही,
मार्चपर्यंत हाताने करावं लागेल.

दादा कुरकुरला. हाताने करायचं तर घ्यायचं कशाला?
भावावरून दोन बैठका झाल्या,
गोदामात नेट नसताना चालतं का, ते नानूरामने
स्वतः खाली जाऊन पाहिलं.
मग घेतलं.

काल बद्रीलालजी पहिल्यांदा कीबोर्डपुढे बसले.
चष्मा कपाळावर, एक बोट हवेत,
कळ सापडेपर्यंत मी थांबले.
अडीचशे अक्षरांच्या जागेत
त्यांनी एकेक टिंब दिलं.
चौथ्यापुढे दोन.

मी विचारलं नाही.
सेव्ह कुठे असतं, तेवढं दाखवलं.